आईच्या हातचं बक्षीस

तुम्हाला म्हणून सांगते वहिनी, त्या आजींना १९५३ साली मिळालेलं पहिलं बक्षीस त्यांचं नव्हतंच. लाल कार्ड अजून जपून ठेवलंय. काचेच्या कपाटात, ठेवणीतल्या कपबश्यांच्या मागे, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कार्डावर नाव त्यांचं, वय वर्षे नऊ. आणि फुलं लावली कुणी? आईने. लेक झोपल्यावर, रात्री, मोरीपाशी उभं राहून.

कुठल्या आजी म्हणजे? अहो, लेकीकडे इंग्लंडात डॉर्सेटला गेले होते ना, तिच्या शेजारच्या. ऐंशी ओलांडलीय, पण पाठ बघाल तर अशी ताठ. गाडी स्वतः चालवतात, आणि कचऱ्याचा कुठला डबा कुणी चुकीच्या वारी बाहेर ठेवला ते सगळं तोंडपाठ. तिकडची कुंपणं आपल्यासारखी मेंदीची नसतात. उभ्या फळ्या, पुरुषभर उंच. शेजारी जिवंत आहे की नाही ते कळायची सोय नाही. पण वादळात एक फळी निघालेली, ती बसवायची कोणी यावर दोन्ही घरांत सौजन्य चाललेलं, त्यामुळे भोक तसंच. माझं काम झालं. पोळ्या आटपल्या की मी अलीकडे स्टूल टाकून बसायची, पलीकडे त्या गुडघ्याखाली उशी घेऊन तण उपटायच्या. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहेच. अडलं की हातवारे. फारच अडलं तर लेक दवाखान्यातून आल्यावर तिच्याकडून खुलासा.

हो, मीही तेच विचारलं, मलाच का सांगता? तर म्हणाल्या, तू सहा महिन्यांच्या व्हिसावर आलीस, जाणार. गावात कुणाला सांगणार? कारण ज्यांच्यापासून लपवायचं त्या तीन घरं सोडून राहतात. बरोबरीच्या, एका वर्गातल्या. मी आपलं त्यांना मळ्यातल्या आजी म्हणायची, माहेर शेतावरचं म्हणून. या दोघींचं सत्तर वर्षं गोडगोड वैर. एकमेकींना केक पाठवतात आणि पाठ वळली की त्यात सोडा जास्त झाला म्हणतात.

आता स्पर्धा काय ती ऐका. तिकडे गावोगावी उन्हाळ्यात फ्लॉवर शो भरतो. नाव फुलांचं, पण निम्मा तंबू भाज्यांचा. जुलै-ऑगस्टमधला एखादा शनिवार, मैदानात कनातीचा मोठा तंबू, आत फळ्यांची लांबच लांब टेबलं, वर पांढरा कागद. पुरुष मंडळींचे कांदे, बटाटे, एका मापाच्या शेंगा ओळीने निजवलेल्या. बायकांचे जॅम, केक, फुलं. आणि एका कोपऱ्यात पोरांचं टेबल.

पोरांना विषय वेगळे. जॅमच्या बरणीत रानफुलं लावा. जेवणाच्या ताटलीत बाग करा, आरशाचा तुकडा म्हणजे तळं. उकडलेलं अंडं उभं ठेवायचा तो इवलासा कप असतो ना, त्यात फुलं मांडा. कुठे नुसतं मांडणं, कुठे वर एखादी कल्पना दिलेली. म्हणजे फुलं बघून ओळखू आलं पाहिजे की हे अमुक. सगळं छापील पत्रकात आधी घरोघर येतं. वय किती, उंची किती इंच, सगळं त्यात. आणि शेवटच्या ओळीत असं, की हे मुलाने कुणाच्याही मदतीशिवाय केलेलं असावं. खाली पालकांची सही.

हसा, हसा. मीही हसले.

सकाळी लवकर मांडामांड. मग हाकारे घालून सगळ्यांना तंबूबाहेर काढायचं आणि परीक्षक आत. परीक्षक परगावचाच हवा, गावातला असला तर त्याला पुन्हा दूध कोण घालणार? दुपारी दोनला कनात वर. लाल कार्ड पहिलं, निळं दुसरं, पिवळं तिसरं. आणि ज्याने माप चुकवलं, पत्रकात नाही ते केलं, त्याच्यापुढे एक चिठ्ठी, तीन अक्षरं, एन.ए.एस. पत्रकाप्रमाणे नाही. म्हणजे बाद. फुलं कशीही अप्सरेसारखी असोत. त्या तीन अक्षरांवरून तिकडे बायकांनी बोलणं सोडलंय म्हणे. खरं असणार. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाऊन आल्यावर आरास कुणाची कशी होती ते रिक्षात बसेपर्यंत ठरलेलं असतं, तसंच हे, फक्त यांचं लेखी.

बरं, ५३ च्या आधी ५२ सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथलं.

५२ साली त्यांच्याकडे रेशन चालू होतं. लढाई संपून सात वर्षं झालेली, तरी. आपण समजतो राज्य करणारे लोक, चैनीत असतील. कसलं हो! साखर रेशनवर, मटण रेशनवर, पोरांच्या गोळ्या-चॉकलेटं रेशनवर. अंडं माणशी आठवड्याला एक, तेही दुकानात आलं तर. नाहीतर डब्यातली अंड्याची पावडर. ज्यांच्या कोंबड्या असतील त्यांनी अंड्यांचं रेशन सोडायचं आणि त्याच्याबदली कोंबड्यांच्या खाण्याचं रेशन घ्यायचं. आता मळ्यातल्या घरी कोंबड्या. म्हणजे अंडी. गावात कुणाच्या घरी अंडी आहेत ही तेव्हा, कुणाच्या घरी सोनं आहे तशी चर्चा.

त्या वर्षी पोरांचा विषय होता बडबडगीत, आणि मांडायचं अंड्याच्या कपात. सगळ्या मुलींनी एकच केलं. त्यांच्याकडे ती एक मेरी आहे ना, जिच्या बागेत शिंपले असतात, ती. डॉर्सेटला समुद्र जवळ, शिंपल्यांना तोटा नाही. तंबूत ओळीने शिंपलेच शिंपले. आपल्या आजींचाही तोच प्रकार, वय वर्षे आठ, शिंपल्यांत स्वीट पीची फुलं. आणि मळ्यातल्या आजींच्या धाकट्या भावाने, सात वर्षांच्या पोराने, काय करावं? कपात अंड्याचं फुटकं टरफल उभं केलं. टरफलाला तडे, तड्यांतून रानातली पांढरी-लाल फुलं बाहेर आलेली, एक कळी कपावरून खाली लोंबतेय. हम्टी डम्टी! पडलेला, फुटलेला.

परीक्षक म्हणे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. लाल कार्ड.

मग काय, बायकांत हलकल्लोळ. एक पक्ष म्हणे, रेशनचं अंडं नासलं. दुसरा पक्ष, नासलं कुठे, आतलं खाल्लं असणार. तिसरा पक्ष सगळ्यांत खवट, सात वर्षांच्या पोराला हे सुचतंय होय, बापाने सुचवलं असणार. या तिसऱ्या पक्षाच्या पुढारी आपल्या आजींच्या आई. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, पुढच्या वर्षी बघतेच.

आणि पुढचं वर्ष नेमकं एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचं. २ जून १९५३. त्या वर्षी देशातल्या कुठल्या गावच्या पत्रकात दुसरा विषय असणार हो? पोरांना दिलं, राज्याभिषेक, भांडं स्वयंपाकघरातलं कुठलंही, उंची नऊ इंचांच्या आत. बक्षीस अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. आपल्या तेव्हाच्या पैशांत दीड रुपयाच्या वर. आणि गंमत अशी, की त्या फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटांचं रेशन उठलेलं. आदल्या वर्षी पैसे असून कुपन लागायचं, आता नुसते पैसे पुरे. आजी म्हणाल्या, मला राणीचं काही नव्हतं, मला टॉफी दिसत होती.

थांबा हं, कुकरची शिट्टी झाली. तिसरी. बंद करून आले.

हं. तर राज्याभिषेक. आजींनी तो पाहिला कुठे, तर टीव्हीवर. त्या दिवशी सगळा देशच टीव्हीपुढे होता, दोन कोटींवर माणसं सांगतात. टीव्ही काय घरोघरी नव्हते. ज्याच्याकडे होता त्याच्याकडे आळी लोटली. आजी, त्यांची आई, शेजारपाजार, सगळे एका घरी पडदे ओढून, पोरं पुढे सतरंजीवर. आपल्याकडे रामायणाला बसायचे तसे की हो! पडदा केवढा, तर आपल्या पूजेच्या ताटाएवढा. आणि बाहेर पाऊस. जून महिना असून थंडी, सारखी रिपरिप. मिरवणुकीत राजेरजवाडे सगळे बंद गाड्यांत, एकट्या टोंगाच्या राणी सालोट मात्र गाडीचं छत न घालता भिजत, हसत, हात हलवत. धिप्पाड बाई. तिकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवते ती. खरी राणी कुठली ते विसरले असतील, पण भिजलेली नाही विसरले. त्याच सकाळी एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी छापून आली, आपल्या तेनसिंगची. नेहरू होते तिकडेच, राज्याभिषेकाला.

राणीचा झगाही फुलांचाच. नॉर्मन हार्टनेल म्हणून शिंपी, शिंपी कसला, कलावंतच. त्याने देशोदेशीची फुलंपानं भरतकामात घातली. गुलाब, कॅनडाचं मेपलचं पान, आणि कमळंसुद्धा, भारत आणि सिलोनची. वेल्सला त्याला डॅफोडिल द्यायचं होतं, पण दरबारातले शास्त्री म्हणाले, वेल्सचं चिन्ह लीक, तेच काढा. मग बिचाऱ्याने राणीच्या झग्यावर पातीची भाजी काढली, हिरेमोती लावून.

पण हे रंग आजींना कुठे दिसले! टीव्ही काळापांढरा. मूळ गोष्ट आहे ती ही, वहिनी. नऊ वर्षांच्या पोरीने राज्याभिषेक पाहिला तो राखाडी. घोडे राखाडी, सोन्याची गाडी राखाडी, झगा पांढरा, आणि वर पावसाच्या रेघा. मग पत्रकात विषय आल्यावर तिने काय केलं असेल? सबंध गावातली पोरं लाल, पांढरा, निळा जमवत होती. तिकडचं ते ठरलेलंच त्रिकूट, लाल जिरेनियम, पांढरं अलिसम, निळं लोबेलिया. निशाणाचे रंग. त्या उन्हाळ्यात कुंड्या तशा, नगरपालिकेचे वाफे तसे, बशीतली आरासही तशीच. आणि ही पोर केक भाजायचा जुना काळा पडलेला डबा घेऊन बसली. त्यात लावली राखाडी पानं. एक मऊ लवेचं असतं, कोकराच्या कानाचं म्हणतात. एक आपल्या दवण्याच्या जातीचं, चुरगाळलं की कडू वास येतो. पांढरी बारकी फुलं, वाळकं गवत, आणि मधोमध उंच, शेतातल्या काट्याच्या झाडाच्या म्हाताऱ्या. आपण लहानपणी फुंकरीने उडवायचो त्या म्हाताऱ्या हो, तशाच. ती राणी. सबंध डब्यात रंगीत असं काही नाही.

मला सांगताना आजींनी हात थांबवला, खुरपं खाली ठेवलं. म्हणाल्या, मला वाटत होतं मी हुबेहूब केलंय.

तुम्हाला पटतंय ना? मला तर ऐकूनच पटलं. अख्ख्या तंबूत खरा राज्याभिषेक तेवढा एकच असता. बाकीच्यांनी निशाण केलं.

संध्याकाळी आईने डबा बघितला. मुलीला काही बोलली नाही. जेवायला घातलं, निजवलं. आणि तो डबा उचलून मागच्या खताच्या खड्ड्यावर रिकामा केला.

छे छे, दुष्ट नव्हती हो बाई. मलाही आधी तसंच वाटलं. पण आजींनी आईचं सगळं सांगितलं आणि मग माझा राग निम्मा झाला. त्या बाईला फुलांचं वेड. खरंखुरं. त्या काळात कॉन्स्टन्स स्प्राय म्हणून बाई होत्या, फुलांच्या दुनियेतल्या सम्राज्ञीच समजा. आधी लंडनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत मुख्याध्यापिका, मग चाळिशीनंतर फुलांचं दुकान काढलं. लाल गुलाबांत केलची पानं घालायच्या, केल म्हणजे कोबीची भावंडं. बांधावरचं तण, रानातल्या शेंगा, सगळं फुलदाणीत. फुलदाणीही नको, सॉसची वाटी चालेल, सुपाच्या भांड्याचं झाकण चालेल, केकचा डबा चालेल. उमरावांच्या बायका तोंडात बोट घालायच्या. याच राणीच्या, तेव्हा राजकन्या होती, १९४७ च्या लग्नाची फुलं यांची, राज्याभिषेकाच्या मिरवणुकीच्या वाटेवरची फुलं यांच्या सल्ल्याने, राज्याभिषेक झाला त्या ॲबीपुढे घातलेल्या मांडवातली यांचीच. आणि त्यांच्या स्वयंपाकशाळेने पाहुण्यांच्या जेवणात ते कोंबडीचं थंड कालवण केलं, मेयोनीज, जर्दाळू आणि चिमूटभर करी पावडर. तिकडे अजून ब्रेडमध्ये भरून विकतात. लेकीच्या फ्रिजमध्ये असायचं, मी त्या बाजूला बघितलंही नाही.

तर आजींची आई मासिकांतली स्प्रायबाईंची चित्रं कापून वहीत चिकटवायची. आणि डॉर्सेट तर त्या प्रकरणाचं माहेर. डॉर्चेस्टरला १९४९ साली मेरी पोप म्हणून एका बाईंनी देशातला पहिला फ्लॉवर क्लब काढला. त्याची लागण इतकी झाली की दहा वर्षांत, १९५९ ला, सबंध देशाची संघटना उभी राहिली. मग ही बाई क्लबात का नाही गेली म्हणता? अहो, तिथे कोण जायचं, तर डॉक्टरीणबाई, वाड्यातल्या बाई, हातात मोजे, दारात गाडी. हिचा नवरा रेल्वेत, ही दुसऱ्यांच्या घरी कपडे धुवायला. मोठ्या बायकांच्या गटात आपलं भांडं त्यांच्या चांदीच्या भांड्याशेजारी ठेवायची हिंमत कुठून आणणार? तंबूत एकच टेबल असं, जिथे चांदीचं भांडं नव्हतं. पोरांचं.

माझं मत विचाराल तर त्या काळची ही पोरांची टेबलं होती ना, ती निम्मी-अधिक अशाच बायांनी भरलेली. ज्यांना आपल्या नावाने मांडायची चोरी, त्या लेकींच्या नावाने मांडायच्या. आपल्याकडे काय वेगळं? माझ्या आजीने विणलेला रुमाल मावशीने शाळेत हस्तव्यवसायाला दाखवला, आणि शाबासकी घरी आल्यावर दोघीही खूश.

असो. तर त्या रात्री आई उभी राहिली मोरीपाशी. भांडं घेतलं सॉसची वाटी, चोच तुटकी. आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगाळून बसवली. तेव्हा तो हिरवा स्पंज नव्हता हो, फुलं खोचायचा, आपल्याकडे फुलवाले वापरतात तो ओॲसिस. तो अमेरिकेत १९५४ चा. त्याआधी काय, जाळी, ओली रेती, शेवाळ, नाहीतर पिनहोल्डर. जाळी कापायला पक्कड लागते, बोटं सोलवटतात. त्या जाळीत बाईने लावलं, घेवड्याची शेंदरी-लाल फुलं वेलासकट, पांढरे गुलाब, निळसर छटेची कोबीची पानं. लाल, पांढरं, निळं झालं की नाही? पण निशाणासारखं नाही. निळं कुठलं, तर कोबीचं! वेल वाटीच्या चोचीतून खाली सोडला. आजी म्हणाल्या, सकाळी उठून पाहिलं आणि मला रडायला यावं ना, तर मी बघतच राहिले. इतकं सुंदर होतं. त्यामुळे रडायचंही राहून गेलं.

सही आईने केली. कुणाच्याही मदतीशिवाय.

परीक्षकबाई डॉर्चेस्टरच्या बाजूच्या. बघताक्षणी लाल कार्ड. खाली लिहिलं, मुलीची दृष्टी प्रौढ आहे. आता बोला! आणि मळ्यातल्या आजी, तेव्हाच्या मळ्यातली पोर हो, तिचं काय झालं? तिच्या आरासीत मधे सोनेरी कागदाचा मुकुट. पत्रकात म्हटलेलं, फुलंपानं सोडून दुसरं काही नको. एन.ए.एस. ती तिथेच तंबूत भोकाड पसरून रडली, आईच्या झग्यात तोंड घालून. मुकुट आईनेच केलेला. पोरीचा हट्ट नव्हताच, तिला कोंबडीचं पीस लावायचं होतं म्हणे.

टॉफी? मिळाली ना. खाल्ली आणि ओकली. ते तेवढं मात्र त्या अगदी रंगवून सांगतात.

बरं, यावर कळस ऐका. या आजी गेली चाळीस वर्षं गावच्या शोमध्ये पोरांच्या टेबलाच्या प्रमुख आहेत. आणि कडक किती, विचारू नका. आईबापाचा हात लागला की ओळखतात. एकदा त्यांनी एका पोराची कुंडी उचलली, खालून बघितली, तार बघितली आणि म्हणाल्या, ही तार डावखुऱ्या माणसाने पिळलीय, पोरगा उजवा आहे. बाप डावखुरा! त्यांची कसोटी एकच. पोराला विचारायचं, हे काय आहे रे? ज्याने केलंय तो सुटतो, हे ढग आहेत, इथे गोगलगाय राहते, हिचं लग्न आहे, थांबतच नाही. ज्याचं नाही तो आईकडे बघतो. मी ऑगस्टमध्ये गेले होते ना बघायला, माझ्यासमोर एका पोरीने आईकडे बघितलं. आजींनी ते पाहिलं. आणि वहिनी, काही बोलल्या नाहीत. नुसतं त्या आईला म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्ही मोठ्यांच्या गटात अर्ज भरा, मी पत्रक आणून देते. ती बाई लाल झाली. पण पत्रक घेतलं.

तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं होतं. म्हटलं, आईने कधी भरला का अर्ज? तर नाही. त्या वहीत चित्रं चिकटवत राहिल्या, गेल्या १९७१ ला. वही आजींकडे आहे. दाखवली मला. केलची पानं कागदावर दाबून ठेवलेली, तपकिरी झालीयेत.

आता हे सगळं ऐकून मी गप्प बसले असते. बसलेही होते. पण निघायच्या आदल्या आठवड्यात बसच्या थांब्यावर मळ्यातल्या आजी भेटल्या. त्यांची बस तासाला एक, आणि चुकली म्हणजे बोलण्याशिवाय करायचं काय? मी आपलं शोचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, तुमच्या शेजारणीचे हात छान आहेत, पण तिच्या आईचे आणखी छान होते. आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

मी तर बसच्या पाटीला धरलं.

त्यांना ठाऊक आहे, पहिल्या दिवसापासून. गावाला ठाऊक आहे! नऊ वर्षांच्या पोरीने पक्कड धरली नाही हे तंबूत कुणालाही दिसत होतं. मी म्हटलं, मग बोललं का नाही कुणी? त्या हसल्या. म्हणाल्या, कोण बोलणार? माझ्या आईने मुकुट केला, पलीकडच्या पोराची बाग त्याच्या मावशीने केली, खाली सही सगळ्यांचीच. एकीने तोंड उघडलं असतं तर टेबलच रिकामं झालं असतं.

आणि तो हम्टी डम्टी? मीही तेवढ्यात विचारून घेतलं. तो मात्र खरा. बापाला फुलांचं नावही ठाऊक नव्हतं. उलट त्याच पोराने, दुसऱ्या दिवशी रविवारी, शेजारणीच्या मागच्या खड्ड्यावर तो राखाडी ढीग बघितला, म्हाताऱ्या अजून शाबूत होत्या थोड्या, आणि आवडला म्हणून उचलून घरी नेला. खिडकीत ठेवला. संध्याकाळी वारा आला, सबंध स्वयंपाकघरात म्हाताऱ्याच म्हाताऱ्या, उकळत्या सुपात सुद्धा. त्याच्या आईने त्याला झाडूने बदडला.

नाही हो, शेजारच्या आजींना कुठे सांगितलं मी हे! त्या बिचाऱ्या सत्तर वर्षं सांभाळतायत, मी कशाला बोलू? आणि मळ्यातल्या आजींनीही बजावलंय, तिला कळू देऊ नका, नाहीतर ती टेबल सोडेल आणि मग ते माझ्या गळ्यात पडेल.